एफसी गोवा : २०१९ चा अंतिम सामना आणि अडलेले आक्रमण

इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या पाचव्या हंगामाचा अंतिम सामना १७ मार्च २०१९ रोजी अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिना मैदानावर झाला. त्यात बंगळूरू एफसीने एफसी गोवा संघाला अतिरिक्त वेळेत १–० असे हरवले. साखळीत सर्वाधिक, म्हणजे १८ सामन्यांत ३६ गोल करणाऱ्या गोव्याला या दोन तासांत एकदाही जाळे भेदता आले नाही. याच मैदानावर ९ मार्चला, उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत, गोव्याने मुंबई सिटीला ५–१ असे लोळवले होते. आठ दिवसांत असे काय बदलले, हा या सामन्यासंबंधीचा खरा प्रश्न आहे.

स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांच्या गोव्याचे आक्रमण मागून सुरू होई. मोरोक्कोचा अहमद जाहू दोन बचावपटूंच्या मधोमध येऊन चेंडू घेई, मान वर करून मैदान न्याहाळी आणि चाळीस-पन्नास मीटर लांबीचा तिरका पास बाजूला टाकी. तोवर कर्णधार मंदार राव देसाई डावीकडून आणि सेरिटन फर्नांडिस उजवीकडून वर चढलेले असत. शेवटचा घाव फेरान कोरोमिनास, म्हणजे ‘कोरो’, घाली. त्या हंगामात एकट्या कोरोने १६ गोल केले. गोल्डन बूटही त्यालाच मिळाला. इतके गोल एकाच्या पायातून येत असतील, तर प्रतिस्पर्ध्याने कोणाला जखडायचे हे वेगळे सांगावे लागत नाही.

बंगळूरूला ते कोणाहीपेक्षा चांगले ठाऊक होते. साखळीत त्यांनी गोव्याला दोन्ही वेळा हरवले होते : फातोर्ड्यात २–१ आणि बंगळूरूत ३–०. दोन्ही संघांचे गुण सारखेच, ३४; पण या दोन विजयांमुळेच अग्रस्थान बंगळूरूकडे गेले. प्रशिक्षक कार्लेस कुआद्रात यांच्या संघाला चेंडू आपल्याकडेच हवा असा हट्ट नव्हता. मधली फळी आणि बचावफळी यांत अंतर पडू द्यायचे नाही, कोरोच्या पुढे धावायला मोकळी जागा ठेवायची नाही आणि चेंडू मिळताच उदांता सिंग, सुनील छेत्री व मिकू यांच्या वेगावर प्रतिहल्ला चढवायचा, हे त्यांचे बळ. कबड्डीप्रेमींना हा डाव लगेच कळेल : चढाईपटूला आत येऊ द्यायचे, पण साखळी तुटू द्यायची नाही. हुआनन आणि राहुल भेके ही बचावाची जोडी, तिच्यामागे गुरप्रीत सिंग संधूसारखा उंचापुरा गोलरक्षक, त्यामुळे गोव्याच्या उंच क्रॉसनाही फारसा वाव नव्हता.

इशारा आधीच मिळाला होता. १२ मार्चला उपांत्य फेरीच्या परतीच्या लढतीत गोवा घरच्या मैदानावर मुंबईकडून ०–१ असा हरला होता. पहिल्या सामन्यातील आघाडी मोठी, म्हणून त्या पराभवाचे कोणाला फारसे काही वाटले नाही. वाटायला हवे होते. आदल्या हंगामातही साखळीत ४२ गोल करणारा हा संघ उपांत्य फेरीच्या दुसऱ्या लढतीत चेन्नईयिनकडून ०–३ असा हरून बाहेर पडला होता. साखळीत अठरा सामने मिळतात, एक फसला तर पुढचा असतो. बाद फेरीत पहिला गोल खाण्याची भीती दोन्ही संघांना आवळून टाकते आणि मोकळ्या जागेवर जगणाऱ्या आक्रमणाचा श्वास तिथेच कोंडतो.

अंतिम सामन्यात अतिरिक्त वेळेचा पूर्वार्ध संपता संपता जाहूला दुसरे पिवळे, म्हणजेच लाल कार्ड मिळाले. आक्रमणाचा उगमच मैदानाबाहेर गेला. सामना संपायला अवघी काही मिनिटे उरली असताना दिमास देल्गादोच्या कॉर्नर किकवर राहुल भेकेने डोक्याने चेंडू जाळीत धाडला. भेके मुळात बचावपटू आणि मुंबईचाच. घरच्या शहरात त्याने विजेतेपद मिळवून दिले.

या पराभवाचे खापर कोरोवर फोडणे अन्यायाचे आहे. पुढे उभ्या असलेल्या गड्यापर्यंत चेंडू नीट पोचलाच नाही, तर त्याने करायचे काय? दोष योजनेत होता. मुख्य वाट बंद झाल्यावर गोव्याकडे दुसरी वाट तयार नव्हती. बंगळूरूकडे ती होती. खुल्या खेळात गोल होईना तेव्हा त्यांनी कॉर्नरवर सामना काढला.

पुढच्याच महिन्यात, १३ एप्रिल २०१९ रोजी भुवनेश्वरला, याच गोव्याने चेन्नईयिनला २–१ असे हरवून सुपर कप जिंकला. त्यातला एक गोल कोरोचा होता. २०१९-२० मध्ये साखळीतील अग्रस्थानही गोव्याने पटकावले. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना मात्र २०२४-२५ च्या हंगामापर्यंत या संघाला जिंकता आलेला नाही.