थायलंडचे इतिहासलेखन

थायलंडचे इतिहासलेखन म्हणजे थायलंडचा (१९३९ पूर्वीचे अधिकृत नाव सयाम) इतिहास, कला व संस्कृती यांविषयी थाई, पाली, मलय, फ्रेंच, इंग्रजी इत्यादी भाषांत झालेले ग्रंथलेखन होय. बौद्ध मठांतील पाली ग्रंथ व दरबारी वृत्तान्त यांपासून त्याचा आरंभ होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात राजपुत्र दामरोंग राजानुभाब आणि फ्रेंच पंडित झॉर्ज सेदेस यांनी त्याला आधुनिक शास्त्राची बैठक दिली. १९५० नंतर राजघराणे व राष्ट्र यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मांडणीला आव्हान देणारे ग्रंथ निर्माण झाले. त्यामुळे हा देश कोणाचा आणि त्याचा भूतकाळ कोणी सांगायचा, हा या लेखनातील मध्यवर्ती प्रश्न ठरला. त्याचे परिणाम ग्रंथालयापुरते राहिलेले नाहीत. सीमावाद, ग्रंथकारांचा तुरुंगवास आणि चोरीस गेलेल्या मूर्तींचे परत येणे या घटनांशी या ग्रंथांचा थेट संबंध आहे.

पारंपरिक साधने

थाई परंपरेत इतिहासकथनाचे दोन प्रमुख प्रकार आढळतात. ‘तमनान’ या प्रकारात बुद्धाचे अवशेष, मूर्ती, स्तूप व नगरे यांच्या कथा येतात आणि काळाची मोजणी बुद्धाच्या महापरिनिर्वाणापासून केली जाते. सोळाव्या शतकात उत्तरेकडील चियांग माई येथे रत्नपञ्ञ या भिक्षूने रचलेला ‘जिनकालमाली’ हा पाली ग्रंथ या परंपरेतील प्रसिद्ध ग्रंथ आहे. ‘फोंगसावदान’ हा दुसरा प्रकार आहे. या शब्दाचे मूळ संस्कृतातील ‘वंश’ व ‘अवतार’ या शब्दांत आहे. मराठी वाचकाला बखरींची आठवण व्हावी असे हे लेखन असले, तरी त्याचा विषय जवळजवळ सर्वस्वी राजा व राजवंश एवढाच असतो.

१७६७ मध्ये ब्रह्मदेशाच्या सैन्याने अयुथया ही राजधानी उद्ध्वस्त केली व तेथील बहुतेक दप्तर नष्ट झाले. आज उपलब्ध असलेले अयुथयाचे विस्तृत वृत्तान्त मुख्यतः त्यानंतर, नव्या राजवटींच्या काळात नव्याने संकलित झालेले आहेत. म्हणून १६८० मध्ये राजा नाराय याच्या आज्ञेने लिहिलेला आणि १९०७ मध्ये सापडलेला ‘लुआंग प्रासोएत’ वृत्तान्त आकाराने लहान असूनही कालनिर्णयासाठी अधिक विश्वसनीय मानला जातो.

परकीयांचे वृत्तान्त

दरबारी लेखनात सामान्य लोकांचे जीवन क्वचितच दिसते. ही उणीव काही अंशी परकीयांच्या लेखनाने भरून निघते. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा वकील सिमों द ला लुबेर १६८७-८८ मध्ये सयाममध्ये होता. १६९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात शेती, घरे, कायदा, भाषा व गणित यांची माहिती आहे. एकोणिसाव्या शतकात बिशप पालगुआ यांचा सयामविषयक ग्रंथ १८५४ मध्ये, तर १८५५ चा व्यापारी तह घडवून आणणारे ब्रिटिश वकील जॉन बाउरिंग यांचा ग्रंथ १८५७ मध्ये प्रसिद्ध झाला. हे लेखक धर्मप्रसार, व्यापार किंवा राजकारण यांसाठी आलेले असल्याने त्यांची निरीक्षणे त्या हेतूंसह वाचावी लागतात.

दामरोंग आणि सेदेस

दामरोंग राजानुभाब (१८६२–१९४३) हे राजा चुलालोंगकोर्ण यांचे सावत्र बंधू होते. १८९२ ते १९१५ या काळात ते अंतर्गत व्यवहारमंत्री होते. प्रांतोप्रांतीच्या दौऱ्यांत त्यांनी हस्तलिखिते, शिलालेख व मूर्ती यांचा शोध घेतला आणि पुढे राष्ट्रीय ग्रंथालय व संग्रहालय यांची उभारणी केली. १९१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘थाई रोप फामा’ (ब्रह्मी लोकांशी आमची युद्धे) या ग्रंथात त्यांनी दोन्ही देशांमधील ४४ युद्धांची क्रमवार मांडणी केली. साधनांची तुलना करून लिहिलेला हा ग्रंथ आधुनिक थाई इतिहासलेखनाचा पाया समजला जातो. मात्र परकीय आक्रमण, राजाचे शौर्य व स्वातंत्र्यरक्षण हे कथासूत्रही याच ग्रंथामुळे शालेय पाठ्यपुस्तकांत स्थिरावले.

झॉर्ज सेदेस (१८८६–१९६९) १९१८ मध्ये बँकॉकच्या राष्ट्रीय ग्रंथालयात रुजू झाले. त्याच वर्षी लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी शिलालेख व चिनी साधने यांची सांगड घालून श्रीविजय या विस्मृत सागरी राज्याची ओळख पटवली. सयामच्या शिलालेखांचा त्यांनी संपादित केलेला संग्रह १९२४ व १९२९ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. सुखोथाई, लोपबुरी, द्वारावती अशी कालखंडांची जी नावे आज रूढ आहेत, ती बव्हंशी या दोघा विद्वानांच्या कार्यातून प्रचारात आली.

भारतीय प्रभावाचा वाद

१९४४ मध्ये हनोई येथे सेदेस यांचा अतिपूर्वेकडील ‘हिंदूकृत’ राज्यांच्या प्राचीन इतिहासावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याची सुधारित आवृत्ती १९६४ मध्ये निघाली व तिचे इंग्रजी भाषांतर १९६८ मध्ये आले. संस्कृत भाषा, राजपदाची कल्पना, शैव-वैष्णव व बौद्ध उपासना आणि धर्मशास्त्र यांच्या स्वीकारातून या प्रदेशातील राज्ये घडली, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्याआधी कलकत्त्याच्या बृहत्तर भारत परिषदेशी संबंधित विद्वानांनी याच विषयावर लिहिले होते. त्यांपैकी रमेशचंद्र मजुमदार यांचे चंपा, सुवर्णद्वीप व कंबुजदेश यांवरील ग्रंथ विशेष प्रसिद्ध आहेत. पारतंत्र्याच्या काळातील या लेखनात ‘भारतीय वसाहती’ असा शब्दप्रयोग सर्रास आढळतो.

या दृष्टिकोनाला पहिले महत्त्वाचे उत्तर डच अभ्यासक याकोब फान ल्युर यांनी दिले. स्थानिक राजांनीच आपल्या गरजेनुसार ब्राह्मणांना पाचारण केले, त्यामुळे पुढाकार स्थानिकांचा होता, असे त्यांचे मत होते. पुढे ऑलिव्हर वोल्टर्स यांनी १९८२ च्या ग्रंथात प्राचीन राज्यांचे स्वरूप स्पष्ट करण्यासाठी भारतीय राजनीतिशास्त्रातील ‘मंडल’ ही संज्ञा वापरली. निश्चित सीमांऐवजी केंद्रातील राजाच्या प्रतापानुसार आकुंचन-प्रसरण पावणारे वर्तुळ, असा तिचा अर्थ त्यांनी घेतला. भारतीय वाचकाने सेदेस व मजुमदार यांच्याबरोबर फान ल्युर व वोल्टर्स वाचल्याशिवाय या वादाची दुसरी बाजू समजत नाही.

राष्ट्रवादी इतिहास

१९३२ मध्ये अनियंत्रित राजेशाही संपुष्टात आली. त्यानंतर लुआंग विचित वाथकान यांनी नाटके, गीते व पुस्तके यांद्वारे ‘थाई वंशा’चा गौरव करणारा इतिहास लोकप्रिय केला. थाई लोक मध्य आशियातील अल्ताई पर्वताकडून टप्प्याटप्प्याने दक्षिणेस आले व युन्नानमधील नानचाओ हे त्यांचेच राज्य होते, ही कल्पना दीर्घकाळ शाळांतून शिकवली गेली. आधुनिक संशोधनाने ती त्याज्य ठरवली आहे. भाषाशास्त्रीय पुरावा ताई भाषांचे मूळ दक्षिण चीन व उत्तर व्हिएतनामच्या परिसरात असल्याचे दर्शवतो.

टीकात्मक इतिहासलेखन

चित फूमिसाक (१९३०–१९६६) या तरुण भाषापंडिताने १९५७ मध्ये टोपणनावाने थाई सरंजामशाहीवर, म्हणजेच ‘सकदिना’ व्यवस्थेवर, ग्रंथ लिहिला. राजांच्या पराक्रमाऐवजी जमीन, वेठबिगार व कर हे त्याचे विषय होते. १९५८ मध्ये लष्करी राजवटीने चित यांना अटक केली. सहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढल्यावर ते कम्युनिस्ट गनिमांना जाऊन मिळाले आणि मे १९६६ मध्ये ईशान्येकडील सकोन नाखोन प्रांतात गोळी लागून मारले गेले. सयाम, थाई, लाओ व खोम या नावांच्या व्युत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. विरोधी मताचे अभ्यासकही त्याचे महत्त्व मान्य करतात.

निधी एओसीवोंग (१९४०–२०२३) यांनी ‘पाक काय लॅ बाय रुआ’ (लेखणी आणि शीड) या ग्रंथात बँकॉकच्या आरंभकाळातील साहित्य व सागरी व्यापार यांचा संबंध उलगडला. पाश्चात्त्यांशी तह होण्यापूर्वीच थाई समाज बदलू लागला होता, असे त्यांनी दाखवले.

१९९५ मध्ये सायपिन केऊ-न्गामप्रासेर्त या शिक्षिकेचा थाओ सुरानारी यांच्या पुतळ्याच्या राजकारणावरील प्रबंध पुस्तकरूपाने निघाला. १८२७ च्या सुमारास विएनतियानच्या लाओ सैन्याला रोखणारी वीरांगना म्हणून थाओ सुरानारी नाखोन राचासिमा येथे पूजनीय आहेत. त्यांची आजची प्रतिमा १९३४ मध्ये उभारलेल्या पुतळ्यापासून व तत्कालीन सत्तेच्या गरजेतून घडली, असे या पुस्तकाचे म्हणणे होते. १९९६ मध्ये नगरात मोठी निदर्शने झाली व पुस्तक बाजारातून मागे घेण्यात आले. राजघराण्याविषयीच्या लेखनावर दंडसंहितेच्या कलम ११२ चेही बंधन आहे. त्याखालील प्रत्येक गुन्ह्यास ३ ते १५ वर्षे कारावासाची तरतूद आहे.

नकाशा आणि सीमा

थोंगचाय विनिचकुल यांचा ‘सयाम मॅप्ड’ (१९९४) हा ग्रंथ आग्नेय आशियाच्या अभ्यासात मूलभूत मानला जातो. लेखक ६ ऑक्टोबर १९७६ रोजी थम्मासात विद्यापीठात झालेल्या हत्याकांडाच्या वेळी विद्यार्थी नेते होते व त्यानंतर त्यांना तुरुंगवास घडला. पूर्वी एकच लहान संस्थान दोन-तीन मोठ्या राजांना एकाच वेळी खंडणी देत असे आणि रेषारूप सीमा अस्तित्वात नव्हती, असे ते दाखवतात. राष्ट्राचा ‘भू-देह’ आधुनिक नकाशाने निर्माण केला. म्हणून फ्रेंचांनी सयामचे प्रदेश ‘हिरावून घेतले’ ही तक्रार नकाशानंतरच्या कल्पनेवर उभी आहे, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

प्रीह विहेअर या ख्मेर मंदिराचा वाद याचे उदाहरण होय. १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या नकाशाला सयामने आक्षेप घेतला नव्हता या आधारावर मंदिर कंबोडियाच्या हद्दीत असल्याचा निर्णय दिला. दामरोंग १९३० मध्ये मंदिर पाहण्यास गेले असता फ्रेंच अधिकाऱ्याने आपल्या ध्वजासह त्यांचे स्वागत केले होते. थाई इतिहासशास्त्राच्या या जनकाची ती भेटही न्यायालयाने सयामच्या मूक संमतीचा पुरावा म्हणून लक्षात घेतली. २००८ ते २०११ या काळात मंदिराच्या परिसरात दोन्ही देशांचे सैनिक व नागरिक मृत्युमुखी पडले. २०२५ मध्येही या सीमेवर सशस्त्र संघर्ष झाला.

दक्षिणेकडील मलय मुस्लिम प्रदेशाचा भूतकाळ बँकॉककेंद्रित ग्रंथांत पुरेसा येत नाही. त्यासाठी तेऊ व डेव्हिड वायट यांनी १९७० मध्ये संपादित केलेले ‘हिकायत पट्टनी’ हे मलय भाषेतील साधन उपयुक्त आहे.

रामखामहेंग शिलालेखाचा वाद

राजा रामखामहेंग याच्या नावाचा, १२९२ सालचा मानला जाणारा शिलालेख हा थाई लिपीचा आद्य लेख समजला जातो. तो १८३३ मध्ये सुखोथाई येथे, त्या वेळी भिक्षू असलेल्या राजपुत्र मोंगकुट यांना मिळाला. राजा प्रजेची गाऱ्हाणी स्वतः ऐकतो व व्यापारावर कर घेत नाही, असे वर्णन त्यात असल्याने तो आदर्श राज्याचा दाखला ठरला. १९८७ मध्ये मायकेल व्हिकरी यांनी व नंतर कला-इतिहासकार पिरिया क्रायरुएक्ष यांनी लिपी, शब्दकळा व आशय यांच्या आधारे हा लेख एकोणिसाव्या शतकातील असल्याचे मत मांडले. बहुसंख्य अभ्यासक तो अस्सल मानतात. दोन्ही बाजूंचे लेख १९९१ मध्ये सयाम सोसायटीने एकत्र प्रसिद्ध केले. २००३ मध्ये युनेस्कोने शिलालेखाचा ‘जागतिक स्मृती’ नोंदवहीत समावेश केला.

कलाविषयक ग्रंथ

दामरोंग यांचे पुत्र सुभद्रदिस दिस्कुल यांचे थाई कलेवरील छोटेखानी पुस्तक अनेक पिढ्यांचे प्रवेशपुस्तक ठरले. झां ब्वासलिए यांचा थाई शिल्पकलेवरील आणि प्येर द्युपॉन यांचा द्वारावतीच्या मोन पुरातत्त्वावरील ग्रंथ संदर्भासाठी वापरले जातात. पिरिया क्रायरुएक्ष यांनी ‘द रूट्स ऑफ थाई आर्ट’ (२०१२) मध्ये कलाशैलींना राज्यांची नावे देण्याच्या पद्धतीवर प्रश्नचिन्ह लावले.

सचित्र कलाग्रंथांचा चोरट्या व्यापाराशी आलेला संबंध अलीकडे उघड झाला आहे. बँकॉकस्थित संग्राहक डग्लस लॅचफर्ड हे ख्मेर कलेवरील अनेक देखण्या ग्रंथांचे सहलेखक होते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्यांच्यावर लुटीच्या मूर्तींची खोटी पूर्वपीठिका तयार केल्याचा आरोप ठेवला. २०२० मध्ये त्यांचा मृत्यू झाल्याने खटला चालला नाही. २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्याशी संबंधित ‘गोल्डन बॉय’ ही कांस्यमूर्ती थायलंडला परत केली. त्यापूर्वी १९८८ मध्ये फनोम रुंग मंदिरातील शेषशायी विष्णूची द्वारावरील कोरीव शिळा शिकागोहून परत आली होती. त्यामुळे कलाग्रंथातील छायाचित्राखाली मूर्तीचे प्राप्तिस्थान व मालकीचा इतिहास दिला आहे काय, हे पाहणे अभ्यासकाला आवश्यक ठरते.

धर्म व साहित्य

स्टॅन्ले तंबय्या यांच्या १९७६ च्या ग्रंथात बौद्ध संघ व राजसत्ता यांचे परस्परावलंबन विशद केले आहे. कमला तियावनिच यांच्या ‘फॉरेस्ट रिकलेक्शन्स’ (१९९७) मध्ये रानावनांत फिरणाऱ्या भिक्षूंच्या आठवणींतून बँकॉकच्या अधिकृत धर्मव्यवस्थेबाहेरील परंपरा दिसते. ‘खुन चांग खुन फेन’ हे मौखिक परंपरेतून वाढलेले दीर्घकाव्य दामरोंग यांनी १९१७-१८ मध्ये संपादित करताना काही ग्राम्य वाटलेले भाग गाळले होते. क्रिस बेकर व पासुक फोंगपाइचित यांनी २०१० च्या इंग्रजी भाषांतरात जुन्या हस्तलिखितांतून असे भाग पुन्हा दिले.

प्रारंभिक वाचनासाठी ग्रंथ

डेव्हिड वायट यांचा ‘थायलंड: अ शॉर्ट हिस्टरी’ (१९८४) राजवंशांचा क्रम समजण्यास उपयोगी आहे. बेकर व पासुक यांच्या ‘अ हिस्टरी ऑफ थायलंड’ (२००५) मध्ये शेतकरी, व्यापारी, स्थलांतरित व कामगार यांना स्थान मिळाले आहे. याच लेखकांचा अयुथयावरील ग्रंथ २०१७ मध्ये आला. संपूर्ण आग्नेय आशियासाठी डी. जी. ई. हॉल यांचा १९५५ चा ग्रंथ आणि पंधराव्या ते सतराव्या शतकांतील लोकजीवनासाठी अँथनी रीड यांचे दोन खंड (१९८८, १९९३) वाचले जातात. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या सयाम सोसायटीचे नियतकालिक शोधनिबंधांचा मोठा संग्रह आहे.