खुलताबाद: एका कबरीपलीकडचं गाव

आजचा एपिसोड छोटासा, अर्ध्या दिवसाच्या ट्रिपचा. हेडफोन लावा, निघू या.

मी मूळचा कन्नडचा. बी.टेक. केलं, आता पुण्यात कोडिंग करतो. मागे ऑफिसात एकाने विचारलं, "खुलताबाद तुमच्याकडेच ना रे? औरंगजेबाची कबर?" मी "हो" म्हटलं आणि गप्प बसलो, कारण पुढे सांगायला काही नव्हतंच. त्या गावातून एसटीने शंभरदा गेलोय, पण उतरलो ते उरुसाला नाहीतर भद्रा मारुतीला. हे मनाला लागलं. म्हणून सुट्टीत घरी गेलो तेव्हा सकाळीच बाइक काढली. आई म्हणाली, "मारुतीला नारळ फोडून ये."

कन्नडहून वेरूळ, आणि तिथून घाट चढला की खुलताबाद. पस्तीसेक किलोमीटर. घाटाच्या पायथ्याशी आठव्या शतकातलं कैलास लेणं आहे. म्हणजे नंतर जे इथे आले, ते काही ओसाड माळावर आले नाहीत.

आले कोण? १३२७ च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला आणली. शाळेत आपण या निर्णयावर हसलो होतो. पण त्या स्थलांतरात दिल्लीचे सूफीही आले. त्यातले बुऱ्हाणुद्दीन गरीब हे निजामुद्दीन औलियांचे शिष्य. पुढे राजधानी परत गेली, हे मात्र इथेच राहिले. १३३७ मध्ये वारले, डोंगरावर त्यांचा दर्गा झाला. त्यांचे भाऊ मुंतजबुद्दीन, म्हणजे ज्यांचा उरूस भरतो ते जर जरी जर बक्ष, त्याआधीच १३०९ मध्ये इथे विसावले होते. बुऱ्हाणुद्दीन यांच्या परंपरेतले झैनुद्दीन शिराझी १३६९ मध्ये गेले. त्यांचाही दर्गा इथेच.

आता दोन मिनिटं अमेरिकेत चला. छळाला कंटाळलेले मॉर्मन पंथाचे लोक ब्रिघम यंगच्या मागे चालत १८४७ मध्ये एका खाऱ्या तळ्याजवळ पोचले. त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसवली. तिथेही यूट आणि शोशोनी लोक आधीपासून होतेच. नव्या लोकांनी आधी मंदिराची जागा ठरवली, आणि आजही त्या शहरात रस्त्यांचे नंबर मंदिराच्या चौकापासून मोजतात. आपल्या भाषेत, मंदिर म्हणजे ग्राफवरचा शून्य-शून्य बिंदू.

मग खुलताबादचा शून्य-शून्य कुठे?

डोक्याला रुमाल बांधून आत गेलो आणि उत्तर समोरच दिसलं. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरला वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे आणून पुरलं, ते झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात. कबर साधी, वर छत नाही. हैदराबादचा पहिला निजाम १७४८ मध्ये वारला. त्याची कबर बुऱ्हाणुद्दीन यांच्या दर्ग्यात. आपलं शहर खडकी म्हणून वसवणारा मलिक अंबर १६२६ मध्ये गेला. त्याचाही मकबरा याच गावात. बादशहा आहे म्हणून दर्गा मोठा झाला नाही. दर्गा होता म्हणून बादशहा इथे आला.

अजून एक गंमत. आपण कन्नडकर औट्रम घाट उतरून चाळीसगावला, खानदेशात जातो. त्या खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठी राजधानी वसवली आणि बुऱ्हाणुद्दीन यांच्यावरून नाव ठेवलं बुऱ्हाणपूर. समोरच्या काठावर झैनाबाद, झैनुद्दीन यांच्यावरून. माझ्या घरापासून तासाभरावर झोपलेल्या दोन माणसांची नावं तापीच्या दोन काठांवर आहेत, आणि मला पत्ताच नाही!

या गावाचं जुनं नाव रौझा. औरंगजेबाला मरणोत्तर 'खुल्द-मकान' म्हणू लागले, त्यावरून खुलताबाद. नाव त्याचं चिकटलं, मग लक्षही त्याच्याकडेच राहिलं. मार्च २०२५ मध्ये तर ही कबर रोज टीव्हीवर होती. त्याचं मूल्यमापन करा, भांडा, जरूर. पण कॅमेरा एकाच कबरीवर राहिला की सातशे वर्षांचं अख्खं गाव फ्रेमबाहेर जातं. तिथे आज राहणारी, दुकान चालवणारी माणसंसुद्धा.

परतताना भद्रा मारुतीला थांबलो. इथला मारुती उभा नाही, निजलेला आहे. आईचा नारळ फोडला, प्रसाद खिशात टाकला आणि घाट उतरलो. आता ऑफिसात कोणी विचारलं, तर "हो"च्या पुढेही बोलता येईल.

तुमच्या गावाचा शून्य-शून्य कुठे आहे? शोधा, आणि मला कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!