ठाणे-कल्याणचा भूस्तर आणि कर्तन तरंगांचे मापन

ठाणे व कल्याण-डोंबिवली ही शहरे दख्खनच्या बेसाल्टवर वसली आहेत. हा पाषाण अचल आहे, ही समजूत ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाने (परिमाण ६.३) मोडीत काढली. इमारती हादरविण्याचे काम मुख्यतः कर्तन तरंग, म्हणजे भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील दुय्यम लहरी, करतात. त्यांचा वेग विंधन विवरात ध्वनिलहरींच्या उपकरणाने मोजतात. विवरातील द्रवातून मात्र हे तरंग जात नाहीत. कठीण बेसाल्टमध्ये त्यांचा वेग द्रवातील ध्वनीच्या वेगापेक्षा (सेकंदास सुमारे १५०० मीटर) अधिक असल्याने साध्या उपकरणालाही ते सापडतात. मऊ स्तरात सापडत नाहीत. ही उणीव १९८० च्या दशकात पुढे आलेल्या, विवराची भिंत एका बाजूस रेटणाऱ्या द्विध्रुवी उपकरणाने दूर केली. कोयना परिसरात २०१७ पर्यंत सुमारे ३ किलोमीटर खोल विवर पूर्ण होऊन बेसाल्टखालील ग्रॅनाइटी खडकातही मापन झाले.

खरी चिंता मात्र उथळ स्तराची आहे. ठाण्याची खाडी व उल्हास नदीच्या काठी बेसाल्टवर मऊ गाळ आहे. तेथे कर्तन वेग कमी, म्हणून हादरा अधिक. भारतीय मानक १८९३ च्या २००२ च्या आवृत्तीने ही शहरे तिसऱ्या भूकंपविभागात ठेवली. मातीची वर्गवारी मात्र भेदन चाचणीच्या ठोक्यांवरून केली, कर्तन वेगावरून नव्हे.