रात्रीच्या वेळा : परभणी जिल्ह्यातील कालवाचक शब्द

सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतच्या काळाचे भाग दाखवण्यासाठी परभणी जिल्ह्यात रूढ असलेले शब्द. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांचा हा प्रदेश 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे इथल्या बोलण्यात रात्रीचे देशी मराठी शब्द, पंचांगातले संस्कृत शब्द, उर्दूतून आलेले फार्सी-अरबी शब्द आणि रेल्वे, एसटी व कचेऱ्यांबरोबर आलेले इंग्रजी शब्द शेजारीशेजारी नांदतात.

रात्रीची लांबी : परभणी शहर साधारण 19°16′ उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरअखेरीस इथली रात्र सुमारे 13 तासांची, तर जूनअखेरीस पावणेअकरा तासांच्या आसपास असते. भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापेक्षा हे शहर पावणेसहा अंशांनी पश्चिमेला असल्यामुळे रात्रीचा खरा मध्य घड्याळातल्या बारानंतर, वर्षाच्या सरासरीने 23 मिनिटांनी येतो. उत्तरेकडच्या देशांच्या मानाने इथला संधिप्रकाश लवकर विरतो. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासाच्या आत दिवा लावावाच लागतो.

सांज : दिवस बुडाल्यापासून अंधार पडेपर्यंतच्या थोड्या वेळाला भाषेने अनेक नावे दिली आहेत. ‘तिन्हीसांजा’ या शब्दात धार्मिक भाव आहे. या वेळी घरात दिवा लावतात, देवापुढे शुभंकरोती म्हणतात. झोपणे, केर काढणे टाळतात. ‘दिवेलागण’ हे नाव कामावरून पडले, तर ‘कातरवेळ’ मनाच्या हुरहुरीवरून. शेतातून परतणारा माणूस ‘झाकट पडली’ म्हणतो. अंधुक उजेडात वाट दिसते, पण समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही, ती ही वेळ.

पुढची रात्र : सांजेनंतर ‘जेवणवेळ’, मग ‘निजानीज’ आणि ‘सामसूम’ हे शब्द येतात. गावाची रात्र किती झाली हे कोण जागे आहे त्यावरून ओळखण्याची ही रीत आहे. पुढे ‘मध्यरात्र’ आणि ‘उत्तररात्र’ येतात. कुणाच्या दारी जाऊ नये अशी वेळ म्हणजे ‘अपरात्र’. तिला ठरलेला तास नाही, त्या शब्दात नापसंती किंवा काळजी आहे. ‘किर्र’ रात्र ऐकू येते, ‘मिट्ट’ काळोख डोळ्यांना जाणवतो, ‘टिपूर’ चांदणे आकाशाचे वर्णन करते.

पहाट : रात्रीच्या शेवटच्या भागाचे शब्दभांडार सर्वांत मोठे आहे : भली पहाट, कोंबडे आरवणे, झुंजूमुंजू होणे, तांबडे फुटणे, फटफटणे, उजाडणे. बोलीत ‘पहाटे’चे ‘फाटं’ होते. बाईचा दिवस इथेच सुरू होत असे. पिठाच्या गिरण्या येण्याआधी जात्यावर दळण याच वेळी पडे आणि ओवीही याच वेळी गायली जाई. गंगाखेडच्या संत जनाबाईंबरोबर विठ्ठल दळू लागला, या लोकपरंपरेतल्या कथेमागेही हीच वेळ आहे. कार्तिकात मंदिरांतून होणाऱ्या काकड आरतीमुळे ‘काकड्याची वेळ’ हाही पहाटेचा शब्द ठरतो.

प्रहर आणि मुहूर्त : अहोरात्राचे आठ प्रहर, त्यांपैकी रात्रीचे चार. प्रहर सरासरी तीन तासांचा असला तरी रात्रीबरोबर तो लहानमोठा होतो. परभणीत हिवाळ्यात सव्वातीन तासांचा, उन्हाळ्यात सुमारे दोन तास चाळीस मिनिटांचा. रात्रीचे 15 मुहूर्त मानतात. त्यांतला आठवा तो निशीथ. महाशिवरात्र आणि कृष्णजन्म यांच्याशी तो जोडलेला आहे. चौदावा तो ब्राह्ममुहूर्त. सूर्यास्तानंतरच्या काळाला प्रदोष म्हणतात. ‘पहारा’ हा शब्द प्रहराशीच नाते सांगतो.

दिवस कधी बदलतो : पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो. मुस्लिम घरांत सूर्यास्ताला नवी तारीख लागते. मगरिबला दिवस सुरू होतो, म्हणून शबे बरातची रात्र तिच्या दिवसाच्या आधी येते. त्यानंतर इशा, रमजानमध्ये सहरी आणि उजाडण्यापूर्वी फजर. सरकारी तारीख मात्र मध्यरात्री बारा वाजता उलटते. एकाच गल्लीत हे तीनही हिशेब चालतात. बोलणारा मराठी माणूस मनाने सूर्योदयाच्या हिशेबात असतो : ‘शनिवारी रात्री एक वाजता’ म्हणजे त्याच्या लेखी शनिवार अजून संपलेला नाही. इंग्रजीत हाच एकचा ठोका ‘मॉर्निंग’ मध्ये जमा होतो. परभणी आणि पूर्णा जंक्शनवरून मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या गाडीचे तिकीट काढताना हा फरक लक्षात ठेवावा लागतो. तिकिटावर रविवारची तारीख हवी.

कामाची रात्र : रब्बी ज्वारीच्या या मुलखात पीक राखण्यासाठी रात्री शेतावर राहणे म्हणजे ‘जागल’, गावच्या राखणदाराला ‘जागल्या’ म्हणत. ‘गस्त’ फार्सीतून आली. देवाच्या नावाने जागणे तो ‘जागर’. एसटीने दोन सुंदर शब्द रूढ केले : रात्री प्रवास करणारी ‘रातराणी’ आणि खेड्यात रात्र काढून सकाळी शहराकडे निघणारी ‘मुक्कामी गाडी’. दवाखान्यात आणि पोलीस ठाण्यात ‘नाईट ड्युटी’, कारखान्यात ‘रातपाळी’ किंवा ‘नाईट शिफ्ट’ म्हणतात. शेतीपंपांना वीज पाळीपाळीने दिवसा व रात्री मिळू लागल्यापासून ‘रात्रीची लाईट’ हा शब्दप्रयोग शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आला. त्या पाळीत शेतकरी थंडी आणि विंचूकाट्याचे भय पत्करून दारे धरतो. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याच्या हेतूने राज्याने 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली.

शब्दांची मांडणी : या शब्दांची दाटी रात्रीच्या दोन कडांना आहे, मधल्या पाच-सहा तासांना नावे थोडी. ज्या वेळी गाव काम करते त्या वेळेला भाषा बारकाईने नावे देते आणि गाव झोपते तेव्हा तीही थांबते. आता ओलिताची पाळी आणि दवाखाना यांनी मध्यरात्रही कामाची केली आहे. तिथले नवे शब्द बहुतेक इंग्रजी आहेत. जुन्यांपैकी जात्याशी आणि जागलीशी बांधलेले शब्द वापरातून लवकर जातात. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त अशा अनेक शब्दांची नोंद आहे, परंतु कोणत्या तालुक्यात कोणता शब्द कोणत्या घटकेला वापरतात हे बोलणाऱ्यांकडूनच टिपून घ्यायला हवे. जिंतूर, पाथरी, सेलू, पालम या भागांतल्या वडीलधाऱ्यांशी बोलून ते आजही करता येते.