कुळकर्ण्याचे दप्तर आणि संगणक

संगणकामुळे राज्यकारभार लोकांच्या दारात आला, असे हल्ली फार बोलले जाते. हे म्हणणे तपासायचे तर दप्तराच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. कारण खेड्यातली सत्ता पाटलाच्या काठीत होती तितकीच कुळकर्ण्याच्या लेखणीतही होती.

शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष मोलाची मानली जाई. शीव कुठून कुठे जाते हे त्याला पाठ असे. पण ती साक्ष कागदावर उतरवायची कुळकर्ण्याने! १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. वतन कायद्याने गेले ते मात्र १९५८ च्या कायद्यानंतर. तेव्हाही जमीन फुकट मिळाली नाही. आकाराच्या पटीत किंमत सरकारात भरायची, आणि भरल्यावरही कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकायची नाही. ज्यांना मुदतीत पैसे भरता आले नाहीत, ते बापजाद्यांच्याच रानात अनधिकृत ठरले.

ज्यांना वतनही नव्हते त्यांचे काय? १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांनी पडीक जमिनींसाठी सत्याग्रह केले, तुरुंग भरले. पुढे १९९१ साली शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. पण पुरावा कोणता? गाव नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणाची नोंदवही. ती लिहिणार तलाठी. त्याने लिहिले नाही, तर नांगराने पाडलेल्या तासांची साक्ष कोण घेणार?

संगणक आला तो या दप्तरावर. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. पंधरा रुपयांत उतारा हाती येतो. त्यासाठी तलाठ्याच्या दारात मजुरीचा दिवस मोडावा लागत नाही. हा लाभ किरकोळ नाही, आणि तो नाकारणे हा करंटेपणा होईल. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. पिकाची नोंद शेतकरी स्वतः मोबाइलवर करू लागला. दप्तरात कसणाऱ्याचा हात प्रथमच पोचला, असे म्हणता येईल. पण कुठल्या कसणाऱ्याचा? ज्याचे नाव खातेदार म्हणून आधीच चढलेले आहे, त्याचा. माझ्या वर्गातली मुले सातबारा क्षणात काढून दाखवतात. एक-ई हे नाव त्यांतल्या बहुतेकांनी ऐकलेलेही नसते. सुरुवात सातबाऱ्यापासून झाली, एक-ईपासून नव्हे. कोणाचा कागद अगोदर, हे ठरवणारे यंत्र नव्हते.

२०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्यास सांगितले. भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या अधिसूचनेने दिलेल्या जमिनींचा अपवाद त्याच निकालात आहे. १९९१ च्या निर्णयाचा आधार घेणाऱ्या गायरानधारकाला मात्र अगोदर १९९० पूर्वीचा कब्जा सिद्ध करावा लागतो, आणि त्यासाठी तो पुन्हा त्या हातलिखित वहीपाशीच येतो.