किल्लीची फाईल वेगळी का?

निन्टेन्डो स्विचच्या गेमची फाईल संगणकावर उलगडायला बसलेल्याला बहुधा पहिल्याच फटक्यात उत्तर मिळते: किल्ल्या सापडत नाहीत. गेमचे कुलूप उघडणाऱ्या या किल्ल्या ‘प्रॉड.कीज’ नावाच्या फाईलीत असतात आणि ती म्हणजे साधा मजकूर. प्रत्येक ओळीत किल्लीचे नाव, बरोबरचे चिन्ह आणि पुढे अंकाक्षरांची माळ, बहुतेकदा ३२ अक्षरांची. गेम उलगडणारे हॅकटूलसारखे अवजार फुकट मिळते, पण ही फाईल त्याच्याबरोबर येत नाही. ती मुद्दाम वगळलेली असते, आणि त्यामागे जुनी झटापट आहे.

२००२ साली एमआयटीतल्या अँड्र्यू ‘बनी’ हुआंगने एक्सबॉक्सची गुप्त किल्ली मिळवली. मायक्रोसॉफ्टने ती चिपच्या पोटात दडवली होती खरी, पण प्रोसेसरकडे जाताना ती तारांवरून उघडीच धावत होती. हुआंगने ती वाटेतच टिपली.

निन्टेन्डोच्या ‘वी’ या कन्सोलच्या वेळी तर चक्क चिमटा कामी आला. हे कन्सोल जुन्या गेमक्यूबचे सोंग घेते तेव्हा प्रोग्रामला मेमरीचा थोडाच भाग दिसतो. ‘टीम ट्वीझर्स’ या हॅकरांच्या गटाने बोर्डावरचे बिंदू चिमट्याने जोडून मेमरीच्या पत्त्याच्या तारांशी खेळ केला, झाकलेला भाग समोर आला आणि त्यात किल्ल्या तशाच पडलेल्या होत्या.

सोनीची चूक मात्र गणिताची. प्लेस्टेशन ३च्या प्रत्येक डिजिटल सहीसाठी नवा यादृच्छिक आकडा हवा होता. सोनी तोच तो वापरत राहिली. अशा दोन सह्या हाती आल्या की गुप्त किल्ली निव्वळ बीजगणिताने निघते. ‘फेलओव्हरफ्लो’ या हॅकरांच्या गटाने हे डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या परिषदेत मांडले. जानेवारीत हॅकर जॉर्ज हॉट्झने मूळ किल्लीच जाहीर केली आणि सोनीने त्याला कोर्टात खेचले. पुढे तडजोड झाली, पण धडा सगळ्यांना कळला: अवजार वाटा, किल्ली वाटू नका.

स्विचच्या अवजारांनी तोच शिरस्ता पाळला. २०१८ मध्ये स्विचमधल्या टेग्रा चिपच्या बूट रॉममधली, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या कायमच्या प्रोग्राममधली, ‘फ्यूझे जेले’ ही फट उघड झाली. आधी विकलेल्या यंत्रांत ती अपडेटने बुजणारी नव्हती, त्यामुळे लोक आपापल्या कन्सोलमधून किल्ल्या काढू लागले. तरी ‘किल्ल्या सापडत नाहीत’ ही त्रुटी सुटली नाही. फाईल चुकीच्या फोल्डरात असेल तर हलवून भागते. पण नव्या फर्मवेअरबरोबर कधी नवी मास्टर किल्ली येते, ती जुन्या फाईलीत कुठून असणार? मग कन्सोल पुन्हा जोडून किल्ल्या नव्याने काढाव्या लागतात. त्या काढणाऱ्या ‘लॉकपिक’वरही निन्टेन्डोने मे २०२३ मध्ये कॉपीराइटची नोटीस बजावली.

वेगळ्या फाईलीची ढाल कितपत टिकते, हे ‘युझू’ या संगणकावर स्विचचे गेम चालवणाऱ्या एम्युलेटरच्या खटल्यात दिसले. त्याच्यात किल्ल्या नव्हत्याच. तरी त्या कशा मिळवायच्या याची वाट त्याचे कर्ते वापरकर्त्यांना दाखवतात, हाही निन्टेन्डोच्या तक्रारीतला मुद्दा होता. मार्च २०२४ मध्ये २४ लाख डॉलर देण्याचे कबूल करून युझू बंद झाला.