जिनिव्हा जलधर करार

जिनिव्हा जलधर करार हा स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा कँटन आणि फ्रान्समधील ओत-साव्हुआ प्रांत यांच्यात १९७८ साली झालेला, सामाईक भूजलाच्या वापराविषयीचा करार होय. नद्यांच्या पाणीवाटपाचे करार जगात पुष्कळ आहेत. भूजलासाठी केलेले मात्र मोजकेच, आणि त्यांत याचे स्थान आरंभीचे आहे.

पार्श्वभूमी

जिनिव्हा सरोवराच्या दक्षिण टोकापासून ऱ्होन नदीच्या दिशेने सुमारे १९ किलोमीटरपर्यंत वाळू-गोट्यांच्या थरांत हे भूजल पसरले आहे. ते मुख्यतः आर्व्ह नदीच्या पाझरातून भरते. ही नदी फ्रान्समधून येते. पाण्याचा मोठा उपसा मात्र जिनिव्हाचा. १९६० नंतर उपसा वाढत गेला, दोन दशकांत पातळी सात मीटरांहून अधिक खालावली आणि काही विहिरी निकामी होण्याची वेळ आली.

पुनर्भरण

यावर उपाय म्हणून व्हेसी येथे १९८० मध्ये पुनर्भरण केंद्र सुरू झाले. आर्व्हचे पाणी गाळून, शुद्ध करून जमिनीखालील सच्छिद्र नळांवाटे थरांत सोडले जाते. नदी गढूळ असताना हे काम थांबवावे लागते. भूजलाची पातळी त्यानंतर सावरली.

तरतुदी

केंद्र जिनिव्हाने उभारले. त्याच्या खर्चात फ्रान्सची बाजू आपल्या उपशानुसार वाटा देते. फ्रेंच विहिरींना वर्षाला ५० लक्ष घनमीटर पाणी काढता येते व त्यांपैकी २० लक्ष घनमीटरांवर पुनर्भरणाचा आकार नाही. नदी त्यांच्याकडून येते, हे लक्षात घेता ही सवलत रास्तच म्हणावी लागेल. पुनर्भरणाच्या पाण्यामुळे भूजल दूषित झाल्यास फ्रेंच बाजूच्या नुकसानीची जबाबदारी जिनिव्हावर आहे. प्रत्येक विहिरीवर उपसा मोजण्याचे उपकरण बंधनकारक आहे. मोजमापच नसते, तर खर्चाची वाटणी कागदावरच राहिली असती. देखरेखीसाठी दोन्ही बाजूंच्या तीन-तीन सदस्यांचा आयोग असून प्रत्येकी दोघे पाण्याचे जाणकार असावे लागतात.

नूतनीकरण

मूळ कराराची मुदत ३० वर्षांची होती. २००८ पासून नवा करार लागू झाला. त्यात फ्रान्सच्या बाजूने आनमास परिसरातील नगरसमूह, जिनिव्हालगतच्या गावांचा संघ आणि व्हिरी हे गाव सहभागी आहेत. म्हणजे दोन्ही देशांच्या केंद्र सरकारांऐवजी प्रत्यक्ष पाणी वापरणाऱ्या स्थानिक संस्थाच येथे करारबद्ध आहेत. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सीमापार जलधरांविषयीच्या मसुदा-कलमांची दखल घेतली. ती कलमे बंधनकारक नाहीत.